एका बाभळीचे वाटेकरी

मराठीने आपल्या पाखरांना नावे दिली ती बरीचशी गावातल्या धंद्यांवरून. ऐन उन्हाळ्यात पिंपळाच्या शेंड्यावर बसून एकसुरी ठोका धरणारा तांबट. खोडावर चोच मारत वर सरकणारा सुतार. दोन पाने टाके घालून जोडणारा शिंपी. पाणवठ्याच्या दगडावर शेपटी आपटत राहणारा परीट. नाकतोडे काट्याला टोचून ठेवणारा खाटीक, आणि आपल्याहून कितीतरी मोठ्या घारीला हुसकून लावणारा कोतवाल. किड्यांतही तेच. तुळईच्या कोपऱ्यात ओल्या मातीचे इवलेसे गाडगे घडवते ती कुंभारमाशी. ही नावे ज्यांनी ठेवली त्यांना तांबटआळीतला हातोडा आणि पिंपळावरचा ठोका एकाच दुपारी, एकाच ओसरीवरून ऐकू येत असणार. रानातल्या पाखराला रानातले नाव मिळते. वस्तीत राहणाऱ्या पाखराला शेजाऱ्याचे नाव मिळते. म्हणून ही नावे इतिहासाचा पुरावा म्हणून वाचली पाहिजेत. माणसांचे धंदे आणि पाखरांचे संसार एकाच पेठेत नांदत होते, हे त्यांत लिहून ठेवले आहे.

शहरांत जैवविविधता वाढवायची असेल तर वनस्पतिशास्त्रज्ञ, वास्तुरचनाकार, जलअभियंता, नगररचनाकार, समाजशास्त्रज्ञ आणि वैद्य यांनी एकत्र बसले पाहिजे, असे आज जगभर म्हटले जाते. ते खरेच आहे. पण हा विचार अगदी नवा आणि परदेशातून आलेला आहे, असे जे गृहीत धरले जाते ते पटत नाही. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडसारख्या बाजाराच्या गावाचा भूतकाळ नीट वाचला तर दिसते की तिथली झाडांची आणि पाखरांची विविधता कुण्या एका खात्याने किंवा एका पुण्यवंताने टिकवली नव्हती. एकाच झाडावर निरनिराळ्या धंद्यांचा हक्क होता, आणि त्या हक्कांच्या ओढाताणीतून ते झाड उभे राहत होते. वाटेकरी गेले तशी झाडेही गेली. आज वेगवेगळ्या शास्त्रांची जी जुळणी आपण करू पाहतो, ती त्या वाटेकऱ्यांची रिकामी जागा भरण्यासाठी आहे, हे एकदा ओळखले म्हणजे त्या जुळणीत कोण कोण हवे याचे उत्तरही बदलते.

मुरुड हे बालाघाटच्या पठारावरचे, लातूर-बार्शी रस्त्यावरचे गाव. चहूकडे काळी माती, पाऊस बेभरवशाचा. लातूर जिल्ह्यात जंगल म्हणावे असे क्षेत्र एक टक्कासुद्धा नाही; सगळ्यात जवळचे राखीव रान म्हणजे येडशीच्या घाटातले रामलिंग अभयारण्य. ज्या मुलखात जंगलच नाही तिथे जैवविविधता राहते कुठे? बांधावर, ओढ्याकाठी, गायरानात, बारवेच्या भिंतीत आणि गावठाणात. म्हणजे माणसाच्या उंबऱ्याशीच. कोकणात किंवा किनवटच्या बाजूला गावाने पाठ फिरवली तरी रान आपले आपण जगू शकते. मुरुडच्या बाजूला तशी सोय कधीच नव्हती. इथे झाड जगायचे ते कुणाच्या तरी कामाचे होते म्हणून, आणि एकापेक्षा जास्त लोकांच्या कामाचे असेल तर अधिक निर्धास्तपणे.

बाभळीचेच पाहा. ओढ्याच्या काठी, काळ्या मातीत आपणहून उगवलेले काटेरी झाड. शेतकऱ्याला ते बांधावर हवे असे, कारण नांगर, कुळव आणि तिफण यांना याच्यासारखे चिवट लाकूड नाही. सुताराच्या लेखी गाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे बाभळीचेच. तासलेले आरे तुंब्याच्या खाचांत ठोकून बसवले, पुठ्ठे जोडून गोल पुरा केला, की तापवून लाल केलेली धाव घेऊन लोहार यायचा. ती चाकावर चढवून पाणी ओतले की लोखंड आवळे, लाकूड करकरे आणि चाक जन्मभरासाठी एकजीव होई. त्या लोहाराच्या भट्टीतला कोळसाही पुष्कळदा बाभळीचाच. साल चांभाराची, कातडे कमावण्यासाठी. शेंगा शेळ्यांच्या, उस्मानाबादी शेळी या कोरड्या मुलखात तगली त्यात या शेंगांचा वाटा मोठा आहे. डिंक बाळंतिणीच्या लाडवाचा, काडी दातवणाची, काटेरी फांद्या कुंपणाच्या. एवढ्या सगळ्यांचे भागून जे उरे ते सुगरणीचे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या टोकाला तिचे खोपे लोंबत, कारण खाली पाणी आणि वर काटे म्हणजे सापाला वाट बंद. सुगरणीसाठी कुणी ती बाभूळ राखली नव्हती. पण ती मुळासकट तोडायची म्हटली तर सुतारापासून मेंढपाळापर्यंत प्रत्येकाला काहीतरी गमवावे लागणार होते, आणि त्या हिशेबात सुगरणीचे घर वाचत होते.

बाभूळ हा काही अपवाद नव्हे. माळावरचा तरवड घ्या. हातभर उंचीचे पिवळ्या फुलांचे झुडूप, जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. त्याची साल कातडे कमावण्याच्या धंद्याचा मोठा आधार होती. घटस्थापनेच्या दिवसांत त्याच तरवडाच्या फुलांची माळ घटावर चढते. त्या घटाकडे नीट पाहिले तर त्यातही किती जणांचा हात आहे: मडके कुंभाराचे, खालची काळी माती शेतातली, त्यात पेरलेले धान्य घरच्या बियाण्याचे, वरची विड्याची पाने पानमळ्यातली आणि माळ माळावरची. रिठा परटाचा, बेल आणि पळसाच्या पत्रावळी गुरवाकडच्या, शिंदीच्या पानांचे फडे, घायपात आणि अंबाडीचे दोर वळणारे मातंग, बांबूच्या दुरड्या विणणारे बुरूड, आणि या सगळ्या वनस्पती मुळापासून फळापर्यंत ओळखणारे वैदू. आल नावाचे एक झाड दख्खनच्या काळ्या रानात मुद्दाम लावत. त्याच्या मुळातून तांबडा रंग निघे, रंगारी त्यात कापड बुडवीत. आलवण हा शब्द आपल्याकडे त्यावरूनच राहिला. झाड मात्र आता शोधावे लागते.

गावाच्या रचनेतही हीच वाटणी होती. मराठवाड्यात वस्तीची जमीन ती पांढरी आणि पिकाची ती काळी. या दोहोंच्या मधल्या जागा कुणा एकाच्या मालकीच्या नव्हत्या: गायरान, ओढ्याचा काठ, पाणंद, आमराई, वेशीबाहेरचा पार. पारावरचा वड-पिंपळ एकाच वेळी न्यायाची जागा, उतारूंची सावली आणि देवाचे ठाणे असे. वड, पिंपळ आणि उंबर ही एकाच कुळातली झाडे निरनिराळ्या वेळी फळतात. उन्हाळ्यात बाकीचे रान उपाशी असते तेव्हा यांच्यापैकी कुणाला तरी फळ लागलेले असते, आणि राखी धनेश, तांबट, कोकिळा, वटवाघळे त्यावर निभावून नेतात. बारवेचेही तसेच. पाणी उपसणाऱ्यांसाठी पायऱ्या, उतारूंसाठी ओवऱ्या, आणि दगडांच्या सांध्यांत पारवे, साळुंक्या, बेडूक, नेचे. गवंड्याने चुना न भरता दगडावर दगड बसवलेल्या भिंतीला भेगा राहत, आणि त्या भेगा म्हणजे कुणाची तरी घरे असत. सिमेंटने लिंपलेल्या विहिरीत ती राहत नाहीत. इतका साधा फरक आहे, पण विहिरीची दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याला तो कुणी सांगत नाही.

इथे एक आक्षेप ताबडतोब येईल आणि तो यायलाच हवा. बलुतेदारी ही काही शास्त्रांची सहकारी संस्था नव्हती. ती जातीने बांधलेली, जन्माने लादलेली व्यवस्था होती. चांभाराला झाडाची साल मिळे, पण मान मिळत नसे. दोर वळणाऱ्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. ज्या पाराच्या सावलीचे कौतुक आपण करतो तिथे सगळ्यांना बसता येत होते असे नाही. हे सगळे खरे आहे, आणि ती व्यवस्था मोडली हे चांगलेच झाले. तिच्याकडे परत जाण्याची भाषा कुणी करू नये. माझे म्हणणे वेगळे आहे. व्यवस्था मोडताना अन्याय गेला पाहिजे होता आणि ज्ञान राहायला हवे होते; आपल्याकडे पुष्कळदा ज्ञान आधी गेले. कातडे कमावणारा माणूस तरवडाची साल कोणत्या महिन्यात काढायची, किती काढली म्हणजे झुडूप पुन्हा फुटते, हे जाणत होता. ते वनस्पतिशास्त्रच होते. पण त्याला शास्त्र म्हणायला आपण तयार नव्हतो, कारण ते कुणाच्या हातात आहे हे आपण आधी पाहत होतो. आज कुणी जैवविविधतेच्या समितीवर फक्त पदवीधर बसवत असेल तर तीच चूक नव्या कपड्यांत पुन्हा होते आहे.

वाटेकरी गेले कसे, हेही पाहिले पाहिजे. ते कुणा एकाच्या दुष्टपणाने गेले नाहीत. पहिला धक्का फार लांबून आला. १८६८-६९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ग्रेबे आणि लिबरमान यांनी अलिझरीन हा तांबडा रंग प्रयोगशाळेत बनवला. काही वर्षांतच तो स्वस्त झाला, बाटल्यांतून आणि डब्यांतून जगभर पोचला, आणि दख्खनच्या शेतांतला आल बिनकामाचा ठरला. कातडे कमावायला क्रोमची रसायने आणि आफ्रिकेतून येणारी वॉटलची साल मिळू लागली तसा तरवड सुटला. रेल्वेही आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे, अडीच फूट रुंदीच्या रुळांची, १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला धावू लागली आणि १९११ मध्ये मुरुडवरून लातूरला पोचली. गाव निजामाच्या राज्यात आणि माल मुंबईच्या बाजारात, अशी गाठ या चिमुकल्या गाडीने घातली. कापूस आणि गळीत धान्य बाहेर जाऊ लागले. रॉकेल, पत्रा आणि कारखान्यातले सूत आत येऊ लागले. लातूरची पेठ त्यावर वाढली. तिच्या मध्यभागी गंजगोलाई उभी राहिली, जिच्यापासून १६ रस्ते फुटतात आणि कुठे सराफ, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ असे बाजार भरतात. सोळा रस्ते एका गोलात आणणारी ती रचना आजही पाहण्यासारखी आहे. पण त्या बाजारात येणाऱ्या मालाचा आसपासच्या झाडाशी संबंध हळूहळू तुटत होता. पुढे गाडीला रबरी टायर आले, मग ट्रॅक्टर आला, आणि सुताराला बाभळीची गरज उरली नाही. ज्या झाडाला पूर्वी सात-आठ वाटेकरी होते त्याला एकच उरला: जळण. एकच वाटेकरी उरलेले झाड तुटते. त्याच्या जागी पसरली ती परदेशातून आलेली वेडी बाभूळ, जिच्यावर जळणाखेरीज कुणाचाच फारसा हक्क नाही.

या उतरणीची मोजदाद करायला एक भक्कम आधार आहे. प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. लातूर जिल्हा वेगळा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. म्हणजे त्या ग्रंथातला उस्मानाबाद हा लातूर आणि मुरुडसकटचा उस्मानाबाद आहे. पुढे १९९८ मध्ये त्यांनीच सगळ्या मराठवाड्याच्या वनस्पतींचा ग्रंथ केला. पाखरांसाठी त्याहून जुना आधार आहे: सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पक्षी-सर्वेक्षण केले आणि ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून छापले गेले. आपल्या मुलखात मुळात काय होते हे सांगणारी अशी कागदपत्रे हाताशी असताना नगराच्या बागेत किंवा रस्त्याच्या कडेला काय लावायचे हे मात्र रोपवाटिकेत त्या वर्षी कोणती रोपे शिल्लक आहेत त्यावर ठरते. अभियंत्याच्या टेबलावर वनस्पतीचा ग्रंथ नाही आणि वनस्पतिशास्त्राच्या विभागात गावाचा विकास आराखडा नाही. दोन कपाटे आहेत, दोन किल्ल्या आहेत.

स्वातंत्र्यानंतर झाडे लावली गेली नाहीत असे नाही. पुष्कळ लावली गेली. पण ती एकेका खात्याने, एकेका हेतूने लावली. सामाजिक वनीकरणाच्या काळात सुबाभूळ, निलगिरी आणि गिरिपुष्प आले, कारण ती लवकर वाढतात. रस्त्याकडेला गुलमोहर आला, कारण तो शोभतो. २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी, अशी राज्याच्या वृक्षलागवडीची उद्दिष्टे चढत गेली. त्यामागची तळमळ खोटी मानण्याचे कारण नाही. पण कोटींच्या हिशेबात सगळी झाडे सारखी होतात. एक उंबर आणि एक सुबाभूळ, दोन्ही मिळून दोन. उंबरावर जगणारी वटवाघळे, उंबराच्या फळातच जन्मून मरणारी ती मोहरीएवढीही नसलेली गांधीलमाशी, त्याच्या बुंध्याशी टिकणारी ओल, या कशालाच त्या रकान्यात जागा नाही. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, नीलमोहर आता आपल्या शहरांचे झाले आहेत, त्यांची सावली खरी आहे, ती तोडा असे कुणी म्हणू नये. चिंचसुद्धा केव्हातरी आफ्रिकेतूनच आली आणि आज तिच्याशिवाय गावाची वेस डोळ्यांपुढे येत नाही. झाड परके की देशी यावर वाद घालत बसण्यापेक्षा त्याला इथे वाटेकरी किती, हे विचारावे. चिंचेला माणसांपासून घुबडांपर्यंत ते मिळाले. सुबाभळीच्या रांगेला मिळाले नाहीत.

निरनिराळी शास्त्रे खरोखर एकत्र बसली तर काय होते याचा महाराष्ट्रातला उत्तम नमुना मुंबईत, धारावीच्या कडेला आहे. मिठी नदीकाठी ३७ एकर जागेवर शहराचा कचरा टाकत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते बंद झाले आणि त्या कुजक्या ढिगाऱ्यावर निसर्गोद्यान करायची कल्पना पुढे आली. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेचा त्यात पुढाकार होता. सुरुवातीच्या रोपांपैकी एक लावायला खुद्द सालिम अली होते. आराखडा उल्हास राणे यांचा, जे वास्तुरचनाकार आणि निसर्गाचे अभ्यासक दोन्ही होते. जागा आणि अंमलबजावणी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. कचऱ्यावर माती चढवणे हे अभियंत्याचे काम, कोणते फुलपाखरू कोणत्या झाडाच्या पानावर अंडी घालते हे कीटकशास्त्रज्ञाचे, पायवाट कुठून न्यायची हे रचनाकाराचे, पावसाचे पाणी साठवण्याचे पुन्हा अभियंत्याचे, आणि शाळांतली मुले तिथे आणून त्या जागेला वाली मिळवून देणे हे शिक्षकांचे. २२ एप्रिल १९९४ ला ते लोकांसाठी खुले झाले. वरवर पाहणाऱ्याला तिथे झाडे दिसतात; खरे तर तिथे चार-पाच विद्यांनी एकमेकींचे म्हणणे ऐकून घेतल्याची खूण दिसते.

दुसरा नमुना लांबचा आहे, पण मुरुडला तो जवळचा वाटावा, कारण तो रेल्वेचा आहे. महायुद्धानंतर पश्चिम बर्लिन चारी बाजूंनी कोंडले गेले. तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना अभ्यासाला रानात जाता येईना, म्हणून हेर्बर्ट झुकॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांवर काय उगवते ते नोंदवायला सुरुवात केली. त्यातून शहराचे परिसरशास्त्र उभे राहिले आणि पुढे ते नगररचनेच्या आराखड्यांत शिरले. तिथले १९५२ मध्ये बंद पडलेले एक रेल्वे-यार्ड रानाने भरून गेले होते. त्यावर पुन्हा मालधक्का करायचे ठरले तेव्हा नागरिक आणि शास्त्रज्ञ मिळून उभे राहिले, आणि २००० मध्ये जुन्या रुळांसकट ते निसर्गोद्यान झाले. आपल्याकडे बार्शी लाइनचे रूळ २००७-०८ च्या सुमारास रुंद झाले आणि मार्ग वळवून उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, नेला गेला. लहान रुळांची शंभर वर्षे अशी संपली. त्या जुन्या वाटेच्या कडेला कोणती झाडेझुडपे राहिली याची नोंद व्हायला हवी. ते काम एकट्या रेल्वेचे नाही आणि एकट्या वनखात्याचेही नाही.

या रुंद झालेल्या रुळांवरून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी येऊ लागली. ज्या मुलखात प्यायचे पाणी रेल्वेने आणावे लागले तिथे फुलपाखरांची चिंता करणे हा श्रीमंतीचा छंद आहे, असा आक्षेप कुणी घेतला तर त्याचा राग येऊ नये. घागरीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला तो घेण्याचा पूर्ण हक्क आहे. पण उत्तर त्याच दुष्काळात आहे. टँकरने पाणी घालून जगवावे लागते ते झाड इथले नव्हे. बाभूळ, हिंगण, बोर, तरवड, लिंब यांना मूळ धरल्यावर कुणाच्या घागरीतले पाणी लागत नाही. पाणंद आणि ओढ्याचा काठ हिरवा असेल तर माती वाहत नाही आणि विहिरीला पाझर लागतो. बारवेतला गाळ काढणे हे पाण्याचे काम आहे आणि जैवविविधतेचेही. दोन कामे मानली म्हणून दोन निधी लागतात आणि शेवटी एकही होत नाही.

आणखी एक आक्षेप कामकाजाचा आहे: सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही. समित्या होतात, चहा होतो, इतिवृत्त लिहिले जाते. ही भीती अनाठायी नाही. जैविक विविधता अधिनियम २००२ चा आहे. त्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत, मग ती ग्रामपंचायत असो की महापालिका, जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी असे सांगितले आणि लोकांकडून जैवविविधतेची नोंदवही करून घ्यावी असेही. नोंदवहीची ही कल्पना माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात गावोगाव लोकांबरोबर बसून रुजवली होती. त्याआधी १९७० च्या दशकात ते आणि वा. द. वर्तक यांनी देवराया पालथ्या घातल्या, तेव्हा एक गणिती वळणाचा परिसरशास्त्रज्ञ आणि एक मुरलेला वनस्पतितज्ज्ञ देवाच्या पुजाऱ्याकडून शिकत होते. नोंदवहीमागची प्रेरणा ही होती. पण वर्षानुवर्षे काम रेंगाळले, मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, आणि मुदतीपोटी भरलेल्या वहीत आणि बसून ऐकून लिहिलेल्या वहीत जो फरक पडायचा तो पडतो. चूक मात्र सहकार्याची म्हणता येत नाही, ती ते टाळल्याची आहे. बाभळीच्या वाटेकऱ्यांत साल कुणाची, फांदी कुणाची, शेंगा कुणाच्या हे ठरलेले होते. मुंबईच्या उद्यानातही काम करणारी संस्था एकच होती आणि सांगणारे अनेक. तेवढे ठरवले की समितीला दात येतात.

मुरुडच्या आसपास माणसांची वाण नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्याचे गळीत धान्य संशोधन केंद्र लातुरात आहे. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जिथे देवणी गाय घरचीच. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचे संजीवनी बेट आहे, जिथे औषधी वनस्पतींसाठी उत्तरा नक्षत्रात लोक आजही मुद्दाम जातात. म्हणजे ज्ञान घेणारा आणि देणारा, दोघेही अजून आहेत. बस स्थानकाची भिंत बांधणारा गवंडी, बाजाराच्या दिवशी झाडपाल्याचे दुकान मांडणारा वैदू, शेळ्या राखणारी बाई, महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारा प्राध्यापक आणि रस्त्याचा आराखडा करणारा कनिष्ठ अभियंता यांची एका पारावर बैठक व्हावी, आणि वैदूला व शेळ्या राखणारीला त्या दिवसाची मजुरी प्राध्यापकाच्या प्रवासभत्त्याइतक्याच सहजपणे मिळावी.

बैठकीला मुहूर्त हवा असेल तर तो या मुलखात आहेच. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, लोकांच्या तोंडची येळवस. त्या दिवशी लातूर, मुरुड, उदगीर ओस पडतात. दुकाने बंद, रस्ते मोकळे, आणि शहरच्या शहर शेतात गेलेले. कडब्याची कोप उभी राहते, आत चुना लावलेले पाच पांडव मांडतात, आंबिलाचे बिंदगे येते, बाजरीचे उंडे येतात आणि भज्जी येते. भज्जीत जे जे त्या वेळी रानात हिरवे असेल ते पडते: तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगी, बोरे, आंबटाला चिंच. जुन्या शिवारात हे सारे बांधावरून आणि आंतरपिकातून निघत असे. आता खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला हरभरा अशी सपाट राने झाली आहेत. आदल्या दिवशी बाजारात भज्जीच्या भाज्या वाट्यावर विकायला येतात, आणि शेतातली भज्जी शहरातून विकत घेऊन शेतात न्यावी लागते. वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या वर्गाने दर येळवशीला, वीस कोपींत बसून, भज्जीतला कोणता जिन्नस कोणत्या बांधावरचा आणि कोणता बाजारातला, एवढेच लिहून घ्यावे. जेवण कोपीत मिळतेच. त्या दिवशी आलेल्याला कुणी उपाशी जाऊ देत नाही.